पोटमाळ्यावरचं कुलूप

"ते कुलूप अजून तिथंच आहे," काकू म्हणाल्या.

सकाळचे सव्वासात. रात्री दोनपर्यंत ऑफिसच्या कामाशी झटापट करून मी चहाचा कप घेऊन मागच्या दारी आले होते. कुंपणापलीकडे काकू कढीपत्त्याच्या बुडाशी तांदळाचं धुवण ओतत होत्या. जुन्या पनवेलमध्ये अशी बैठी घरं आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. त्यातली दोन आमची, आणि मधे गोकर्णीच्या वेलानं झाकलेलं तारेचं कुंपण. त्याच्या भोकातून वाटी जाते, पातेलं जात नाही. बातमी मात्र कुठल्याही आकाराची जाते.

"कुठलं कुलूप, काकू?"

"अगं, टपाल नाक्याकडे वळताना कोपऱ्यावरचा वाडा नाही का! खालचे चारही भाडेकरू बिल्डरचे पैसे घेऊन गेले. मालक लेकीकडे गेले. दारं-खिडक्यासुद्धा निघाल्या. तरी वाडा पाडता येत नाही. का, तर पोटमाळ्यावर एक पोटभाडेकरू होता, त्याचं कुलूप आहे. तो स्वतः पाच वर्षं झाली, पुण्याला मुलाकडे. आत एक ट्रंक आहे म्हणे. एका ट्रंकेपायी अख्खा वाडा उभा, आणि खाली घुशींचं राज्य!"

मी कप कठड्यावर ठेवला. "काकू, हे काल रात्री दहाला सांगितलं असतंत तर माझी झोप वाचली असती."

"तुझ्या कॉम्प्युटरचा आणि त्या वाड्याचा काय गं संबंध?"

संबंध होता, आणि तोही सख्खा. आमच्या ऑफिसातला एक प्रोग्रॅम दर दोन दिवसांनी फुगून बंद पडत होता. त्याचं काम साधं: शाखांचे अहवाल तयार करायचे. एकेक अहवाल वीस-वीस एमबीचा. तो पाठवून झाला की मेमरीतून जायला हवा. जात नव्हता. आम्ही तर अहवाल कुठंच धरून ठेवले नव्हते. यादीत दाखवायला फक्त त्यांचे मथळे ठेवले होते. मथळा म्हणजे नाव, तारीख, दोन-चार आकडे. पन्नास बाइटसुद्धा नाहीत. मग वीस एमबी कोण धरून बसलंय? शोधता शोधता मध्यरात्र उलटली. शेवटी मेमरीचा पूर्ण पंचनामा काढला, तेव्हा दिसलं की प्रत्येक चिमुकल्या मथळ्याच्या पोटातून एक धागा निघालाय आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला अख्खा अहवाल लटकतोय.

"तो धागा बांधला कुणी?" काकूंनी विचारलं. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाचा हा पहिला प्रश्न. सही कुणाची?

"कुणीच नाही. म्हणजे, आम्ही नाही. जावा भाषेनं आपणहून बांधला. मथळ्याचा क्लास आम्ही अहवालाच्या क्लासच्या आत लिहिला होता. इनर क्लास म्हणतात त्याला."

"क्लास म्हणजे?"

"तुमच्या भाषेत सांगायचं तर बांधकामाचा मंजूर नकाशा. आणि ऑब्जेक्ट म्हणजे त्या नकाशाबरहुकूम उभं राहिलेलं घर. एका नकाशावरून शंभर घरं बांधता येतात."

नकाशा म्हटल्यावर काकूंनी बादली खाली ठेवली. एकतीस वर्षं त्या भूमी अभिलेख खात्यात होत्या. कार्यालयाला टीआयएलआर म्हणायचे त्या काळापासून उपअधीक्षकाच्या पाटीपर्यंत. या तालुक्यातल्या किती जमिनींच्या मोजणीचे कागद त्यांच्या हाताखालून गेले, ते त्यांनाच ठाऊक.

"म्हणजे नकाशाच्या आत नकाशा," त्या म्हणाल्या. "मग त्याला इंग्रजी नाव कशाला? पोटनकाशा म्हण. आपल्याकडे 'पोट' लावलं की झालं. पोटमाळा, पोटभाडेकरू, पोटहिस्सा, पोटखराबा, पोटकलम, पोटनियम."

"मग पोटवर्ग म्हणू?"

"म्हण की. कुणाची हरकत?"

हरकत एवढीच होती की प्रोग्रॅमिंगमध्ये दुसराही एक आत-बाहेरचा प्रकार असतो, आणि नवी मुलं हमखास तिथं घोटाळा करतात. एका क्लासवरून दुसरा क्लास काढायचा, त्यानं पहिल्याचे गुण घ्यायचे, वर स्वतःचे घालायचे. तो सबक्लास. मी हे काकूंना समजावायला लागले तर त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

"अगं, पोटची पोर वेगळी आणि पोटभाडेकरू वेगळा! पोर आईचं नाक घेते, रंग घेते, पण लग्न करून खारघरला स्वतंत्र राहते. पोटभाडेकरूचं मालकाशी नातं नाही, गोत्र नाही, पण त्याचं दार मालकाच्या ओसरीतून."

हे मी वहीत लिहून ठेवलं. कॉलेजात आम्हाला हेच शिकवायला दोन तास घेतले होते, आणि तरी परीक्षेत अर्ध्या वर्गानं उलटसुलट लिहिलं होतं.

घंटागाडी आली. काकू ओला आणि सुका कचरा घेऊन पुढच्या दारी गेल्या आणि येताना एक बातमी घेऊन आल्या (तीन घरं सोडून राहणाऱ्यांच्या मुलाचं लग्न मोडलं, कारण अजून हाती आलेलं नाही). मग पुन्हा मूळपदावर.

"तुझ्या त्या मेमरीत कचरा उचलायला कुणी येत नाही का?"

"येतो. गार्बेज कलेक्टर. जावातली घंटागाडी. पण त्याचा नियम असा: चालू कामाच्या मुळापासून निघायचं, जिथवर धागे जातात तिथवरच्या सगळ्या वस्तूंना खूण करायची. ज्याला खूण झाली ते ठेवायचं, उरलेलं उचलायचं. वस्तू वापरात आहे का, हे तो विचारत नाही. कुणी धरलीय का, एवढंच बघतो."

"म्हणजे कोर्टासारखंच. पोटमाळ्यावर माणूस राहतो का, हा प्रश्नच नाही. कुलूप आहे ना? मग ताबा आहे. 1947 चा भाडे कायदा असो की 1999 चा, कागदाशिवाय कुलूप फोडता येत नाही."

एरवी माझी उदाहरणं लोकांना पटवून द्यावी लागतात. इथं काकूच माझ्या बगची केस चालवत होत्या.

"आता मला सांग," त्या म्हणाल्या, "मथळ्याला वाड्याशी बांधायची अक्कल कुणाची?"

मग मी त्यांना मूळ घराण्यापासून सांगितलं. क्लास ही कल्पना नॉर्वेतली. ओले-योहान डाल आणि क्रिस्टन निगार्ड या दोघांनी ओस्लोत सिम्युला नावाची भाषा केली, 1967 साली तिला क्लास आले. त्यांनी ती आल्गोल 60 या भाषेवर उभी केली होती, आणि आल्गोलमध्ये ब्लॉकच्या आत ब्लॉक, त्याच्या आत ब्लॉक अशी मांडणी होतीच. आतल्याला बाहेरचं दिसायचं. म्हणून क्लासच्या आत क्लास ही काही नंतरची टूम नव्हे. जन्मापासून ती तिथं होती. दोघांना मिळून 2001 चं ट्युरिंग पारितोषिक मिळालं आणि 2002 साली, दीड महिन्याच्या आत, दोघंही गेले.

"अगं बाई," काकू म्हणाल्या. "जोडीनं गेले."

"त्यातले निगार्ड तर राजकारणातही होते. युरोपीय संघात नॉर्वेनं जाऊ नये म्हणून जी चळवळ झाली, तिचे पुढारी. 1994 ला मतदान झालं आणि नॉर्वे बाहेरच राहिला."

"बघ! स्वतः आत जायला तयार नाही, आणि जगाला आतल्या आत क्लास करायला शिकवून गेला."

जावात हे आलं फार नंतर. पहिली आवृत्ती 1996 ची, तीत क्लासच्या आत क्लास नव्हता. 1997 च्या फेब्रुवारीत 1.1 आली, तिच्यात इनर क्लास आले. निमित्त पडद्यावरच्या बटणांचं. बटण दाबलं की काय करायचं ते सांगायला प्रत्येक बटणामागे एक छोटी वस्तू बसवायची नवी पद्धत त्याच आवृत्तीत आली होती, आणि त्या वस्तूला खिडकीतल्या इतर गोष्टी दिसणं गरजेचं होतं. बाहेर वेगळी बसवली असती तर प्रत्येक गोष्ट हातात द्यावी लागली असती. म्हणून तिला आतच घर दिलं, आणि बाहेरच्या वस्तूचा धागा गुपचूप तिच्या कमरेला बांधला. कंपायलर, म्हणजे आपलं कोड यंत्राला चालवता येईल अशा रूपात बदलणारा प्रोग्रॅम, त्या धाग्याला 'धिस डॉलर शून्य' असं नाव देतो. आपण लिहिलेल्या कोडमध्ये ते कुठंच दिसत नाही. काल रात्री पंचनाम्यात मला दिसलं ते हेच नाव.

"आणि यावरून भांडण झालं," मी म्हणाले.

काकू कुंपणाजवळ सरकल्या. "मग ते आधी सांगायचं! नुसतं शून्य नि डॉलर काय."

भांडण सन आणि मायक्रोसॉफ्टचं. जावा सनची. मायक्रोसॉफ्टनं परवाना घेऊन स्वतःची जावा काढली, व्हिज्युअल जे प्लस प्लस, आणि तिच्यात 'डेलिगेट' नावाची स्वतःची वस्तू घुसवली. बटणामागे अख्खी वस्तू कशाला बसवायची, नुसता मेथडचा, म्हणजे क्लासमधल्या एका कामाच्या कृतीचा, पत्ता बांधा, असं त्यांचं म्हणणं. सननं निबंधच काढला, की तुमचे डेलिगेट अनावश्यक आहेत, आमचे इनर क्लास ते सगळं करतात. ऑक्टोबर 1997 मध्ये सननं मायक्रोसॉफ्टला कोर्टात खेचलं. तो दावा मुख्यतः परवान्याच्या अटी मोडल्याचा होता, डेलिगेट हा त्यातला एक खटका. जानेवारी 2001 मध्ये 2 कोटी डॉलरवर तडजोड झाली. तोवर मायक्रोसॉफ्टनं जावाचा नाद सोडून सी शार्प ही वेगळी चूल मांडली होती. तीत डेलिगेट होते, आणि क्लासच्या आत क्लासही होते, पण आतल्याच्या कमरेला धागा नव्हता.

"आणि या दोन्ही संसारांचा कारभारी एकच," मी शेवटची कुजबूज केली. "आंदेर्स हाइल्सबर्ग. डेन्मार्कचा. 1996 ला बोरलँड सोडून मायक्रोसॉफ्टात आला. जे प्लस प्लसही त्याच्याकडे होतं, सी शार्पही त्याचीच."

"म्हणजे वाडा सोडताना पाटी तेवढी बदलली," काकू म्हणाल्या, आणि समाधानानं कढीपत्त्याची वाळकी पानं खुडू लागल्या.

मला मात्र मुद्दा सोडवत नव्हता. "काकू, सगळ्याच आतल्या क्लासना धागा नसतो. जावात 'स्टॅटिक' शब्द लावला की धागा जातो. मग तो फक्त नावापुरता आत."

"नावापुरता आत म्हणजे?"

यासाठी मला उदाहरण शोधावं लागलं नाही. गेल्याच महिन्यात काकूंच्या भाचीचं पार्सल हरवलं होतं. पत्त्यावर लिहिलं होतं नुसतं 'सेक्टर 10'. आता सिडकोच्या राज्यात सेक्टर 10 खारघरला आहे, कामोठ्याला आहे, नवीन पनवेललाही आहे. कुरियरवाला तीन दिवस फिरला आणि पार्सल परत गेलं.

"खारघर-सेक्टर 10 असं लिहिलं की पत्ता पुरा होतो ना? पण सेक्टर 10 मधल्या माणसाला रोज उठून खारघर नोडचा दाखला खिशात बाळगावा लागत नाही. नाव नोडच्या आत, संसार स्वतंत्र. स्टॅटिक नेस्टेड क्लास म्हणजे हे. आणि इनर क्लास म्हणजे पोटमाळा. नकाशावरचा वाडा दाखवून पोटमाळा भाड्यानं देता येत नाही, वाडा उभा असावा लागतो. जावातही आधी बाहेरची खरीखुरी वस्तू लागते, मगच तिच्या पोटात आतली करता येते."

"हे बरोबर. आमच्याकडेही दोन्ही होतं." काकूंच्या आवाजात ऑफिस आलं. "सर्व्हे नंबर 45 चे तीन वाटे झाले की 45/1, 45/2, 45/3. आकारफोड पत्रक झालं की 45/2 चा सातबारा वेगळा, मालक वेगळा, सारा वेगळा. तो आपला विकून मोकळा होतो, पंचेचाळीसला विचारत नाही. नाव तेवढं पंचेचाळीसचं." मग लगेच दुरुस्ती: "आणि वाड्याला सातबारा नसतो हं, गावठाणात सिटी सर्व्हे झालेला आहे, तिथं मालमत्ता पत्रक. लोक सरसकट सातबारा म्हणतात, माझं डोकं उठतं."

मी हसले ते वेगळ्या कारणानं. जावाचा कंपायलर नेमकं हेच करतो. आपण आत-आत कितीही क्लास लिहा, तो शेवटी प्रत्येकाची वेगळी फाइल काढतो आणि नावात तिरक्या रेघेच्या जागी डॉलरचं चिन्ह घालतो: वाडा$पोटमाळा. (देवनागरी नावं जावात चालतात, कुणी वापरत नाही ही गोष्ट वेगळी.) ज्या क्लासला आपण नावच दिलं नाही त्याला नुसता आकडा: वाडा$1, वाडा$2.

"बिननावाचेही असतात?"

"अनॉनिमस. एकदाच लागणार, म्हणून जागच्या जागी लिहून टाकायचे."

"त्या पोटमाळ्यावरच्यालाही आळीत कुणी नावानं ओळखत नव्हतं. 'वरचा' म्हणायचे. चाळीस वर्षं 'वरचा'."

काकूंच्या सुनेनं आतून हाक मारली, दूध उतू गेलं की जाणार होतं असं काहीतरी. काकूंनी "गॅस बारीक कर" असं ओरडून सांगितलं आणि जागच्या हलल्या नाहीत.

"पण मला एक कळत नाही. वेगळ्या फाइल, वेगळे दाखले. मग आतल्याला वाड्यातलं दिसतं कसं? माजघरातला डबा पोटभाडेकरूला कसा दिसेल?"

प्रश्न इतका नेमका होता की मला चहा गार झाल्याचं लक्षात आलं नाही. जावात बाहेरच्या क्लासचं खाजगी सामान आतल्याला दिसतं, आणि आतल्याचं बाहेरच्याला. मधे भिंत नाही, पडदासुद्धा नाही. पण हा करार फक्त कंपायलरपुरता. खाली जे यंत्र प्रोग्रॅम चालवतं, त्याला आत-बाहेर माहीतच नव्हतं. त्याच्या दृष्टीनं दोन स्वतंत्र घरं आणि खाजगी ते खाजगी. मग कंपायलरनं एक युक्ती केली. बाहेरच्या घराला मागून एक खिडकी पाडून दिली, आपल्याला न सांगता. 'अ‍ॅक्सेस डॉलर' अशा नावाच्या मेथडच तो घालायचा. आतला त्या खिडकीतून हात घालून डबा काढायचा.

"आणि खिडकी पाडली की तीतून मांजरही येतं," काकू म्हणाल्या.

"येतंच. त्याच पॅकेजमधला, म्हणजे क्लासच्या त्याच गठ्ठ्यातला, दुसरा कुणी मुद्दाम ठरवून त्या खिडकीतून हात घालू शकायचा. एकवीस वर्षं हे असं चाललं. सप्टेंबर 2018 मध्ये जावा 11 आली, तेव्हा यंत्रालाच शिकवलं की हे-हे क्लास एका घरट्यातले, यांना एकमेकांचं खाजगी उघडं. खिडक्या बुजवल्या."

"2018! आमचं खातं बरं."

तसं बघायला गेलं तर पोटभाडेकरूला स्वतःचं वीजमीटरही उशिरानं मिळालं. इनर क्लासला स्वतःच्या स्टॅटिक मेथड ठेवायला बंदी होती. 2021 च्या मार्चमध्ये जावा 16 नं ती उठवली.

पण काकूंना मीटरपेक्षा नकलेचा विषय जास्त आवडला. तो असा निघाला. मेथडच्या आतही क्लास लिहिता येतो. मेथड संपली की तिच्यातले तात्पुरते आकडे पुसले जातात, पण आतला क्लास पुढं जगू शकतो. मग त्यानं ते आकडे वाचायचे कुठून? जावा त्याला आकड्यांची प्रत काढून देते.

"नक्कल," काकू म्हणाल्या.

"हो, नक्कल. म्हणून नियम असा की ज्याची नक्कल दिली तो आकडा नंतर बदलायचा नाही. आधी तर तिथं 'फायनल' असं लिहूनच द्यावं लागायचं. 2014 च्या जावा 8 पासून लिहिलं नाही तरी चालतं, पण बदललात तर कंपायलर अडवतो. शिकाऊ मुलं यावर फार चिडतात. म्हणतात, साधा काउंटर एकनं वाढवू देत नाही, हा काय हट्ट."

"हट्ट कसला? शहाणपण आहे!" काकू चक्क रागावल्या. "अगं, माणूस सातबाऱ्याची नक्कल काढून घरी नेतो. इकडे फेरफार होतो, सहा नंबरला नोंद पडते, मालक बदलतो. आणि तो जुनी नक्कल दाखवून जमीन विकायला उभा. निम्मे दावे त्यावर. तुमच्या त्या भाषेनं सांगितलं की नक्कल दिली ना, मग फेरफार बंद. असं आम्हाला करता आलं असतं तर..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. पेन्शन चालू आहे.

मला वाटतं, या नियमाचं इतकं सरळ कारण मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. पुस्तकं नियम सांगतात आणि पुढं जातात.

सव्वाआठ झाले. ट्रान्सहार्बरची माझी नेहमीची ऐरोलीची गाडी सुटून गेली होती. मी घरून काम करते असं कळवून टाकलं आणि काकूंनी वाटीतून दिलेला उपमा कुंपणाच्या भोकातून घेतला.

"मग धागा ठेवायचा कधी आणि काढायचा कधी?" त्यांनी विचारलं. "काहीतरी दंडक असेल ना."

दंडक आहे. जोशुआ ब्लॉक हा जावाच्या घरातलाच माणूस. त्याच्या 'इफेक्टिव्ह जावा' या पुस्तकात 2001 पासून लिहिलेलं आहे की आतल्या क्लासला बाहेरच्या वस्तूची गरज नसेल तर त्याला स्टॅटिक करा. जावाची स्वतःची भांडीकुंडी पाहिली तर तिनं हे पाळलंय. अ‍ॅरेलिस्टमधून एकेक वस्तू काढून देणारा इटरेटर हा धागेवाला इनर क्लास आहे. बरोबरच आहे, त्याला ती यादी सतत लागते, ती गेली तर त्याला कामच नाही. पण लिंक्डलिस्टमधला नोड स्टॅटिक आहे. नोडला फक्त आपली वस्तू, पुढचा आणि मागचा, एवढ्यांशी कर्तव्य. नेहमीच्या 64 बिट मांडणीत हा नोड 24 बाइटचा असतो. त्याला यादीचा धागा बांधला असता तर 28 झाले असते, आणि आठच्या पटीत जागा द्यायची म्हणून 32. दहा लाख नोडची यादी असेल तर ऐंशी लाख बाइट नुसते धाग्यांचे.

"आणि तुमच्या मथळ्याला अहवालाची काय गरज होती?"

इथं मला खाली बघावं लागलं. गरज होती. एकच. शाखेचं नाव छापायला मथळा दर वेळी अहवालाकडे हात करायचा. बाकी काही नाही.

"म्हणजे त्या वरच्यासारखंच!" काकूंनी टाळी दिली, कुंपणावरूनच. "त्याची पत्रं अजून वाड्याच्या पेटीत येतात म्हणे. पेन्शनचं काहीतरी. पत्त्यापुरता वाडा."

यावर मी त्यांना सांगितलं की अलीकडच्या जावात, 2022 च्या 18 पासून, आतल्यानं धागा वापरलाच नाही तर कंपायलर तो आपणहून काढून टाकतो. काकूंनी ताबडतोब विचारलं, मग तुमचं का अडलं? दोन कारणं: एक, आमचा मथळा धागा वापरत होता, शाखेच्या नावापुरता का होईना. दुसरं, आमच्या ऑफिसात अजून जावा 8 चालतं.

"2014 चं?"

"हो."

"वाडेच की गं तुमचेही."

माझं या बाबतीत ठाम मत आहे, आणि ते मी उपमा खाताना काकूंना ऐकवलं. चूक जावाची आहे. काही न लिहिता जे मिळतं ते निरुपद्रवी असायला हवं. जावात काही न लिहिता धागा मिळतो, आणि तो नको असेल तर शब्द लिहावा लागतो. माणूस विसरतो ते शब्द लिहायलाच. अँड्रॉइडवर तर या एका विसरण्यानं किती अ‍ॅप फुगली. फोन आडवा केला की जुना पडदा टाकून नवा करतात, पण जुन्याच्या आत लिहिलेला हँडलर निरोपाची वाट पाहत तो धरून बसलेला. शेवटी गुगलच्या तपासनीसानंच इशारा द्यायला सुरुवात केली की बाबांनो, याला स्टॅटिक करा. कोटलिन भाषा करणाऱ्यांनी हे बघून पारडंच उलटं केलं. 2016 ला तिची पहिली पक्की आवृत्ती आली. तीत क्लासच्या आत क्लास लिहिला तर तो स्वतंत्र. धागा हवा असेल तर 'इनर' असा शब्द स्वतःच्या हातानं लिहायचा. सी प्लस प्लसमध्ये तर मुळापासूनच धागा नाही. हवा तर पॉइंटर ठेवा, निस्तरा.

"म्हणजे कोटलिनमध्ये पोटभाडेकरू ठेवायला मालकाची लेखी संमती लागते," काकू म्हणाल्या. "कायद्यातही तसंच आहे."

दुपारी बसून मी तो एक शब्द लिहिला. स्टॅटिक. लिहिल्याबरोबर लाल खुणा उमटल्या, पाच ठिकाणी. एका ठिकाणी म्हणता म्हणता मथळा पाच ठिकाणी अहवालाकडे हात करत होता: शाखेच्या नावासाठी तीनदा, तारखेच्या ढाच्यासाठी एकदा, आणि एका जागी कशासाठी ते लिहिणाऱ्यालाही आठवलं नसतं. (लिहिणारी मीच, तीन वर्षांपूर्वीची.) मथळा तयार करतानाच शाखेचं नाव त्याच्या हातात दिलं, ढाचा वेगळा केला, पाचवी ओळ पुसली. काही बिघडलं नाही.

संध्याकाळी वडाळे तलावाला फेरी मारून काकू परतत होत्या, तेव्हा मी फाटकातच सांगितलं.

"पाच?" त्या म्हणाल्या. "सकाळी तर एकच म्हणत होतीस."

"वेगळं केल्यावर कळलं."

"तसंच असतं. आमची धाकटी जाऊ वेगळी निघाली तेव्हा म्हणे, मला तुमचं काही नको. पहिल्याच आठवड्यात सांडशी, पोळपाट, हळदीचा डबा, इस्त्री. इस्त्री तर अजून आली नाही परत." इस्त्रीवर त्या थोड्या थांबल्या. बत्तीस वर्षं झाली त्या इस्त्रीला.

रात्री मी नवी आवृत्ती चढवली आणि मेमरीचा आलेख उघडून बसले. करवतीसारखा दिसला पाहिजे: चढतो, कचरागाडी येते, खाली पडतो, परत चढतो. दोन दिवस बघत राहिले. दातेरी, पण तळाशी सपाट, जसा हवा तसा.

तिसऱ्या दिवशी सकाळी कुंपणाशी गेले तर काकू माझ्या आधी हजर. हातात धुवण नाही, कढीपत्त्याकडे लक्ष नाही.

"ऐकलंस का? त्या वरच्याचा मुलगा येतोय रविवारी. पुण्याहून टेंपो घेऊन. बिल्डरनं म्हणे टपालाची पेटी नव्या बिल्डिंगच्या गेटाला लावून द्यायचं कबूल केलंय, लेखी."

"म्हणजे कुलूप निघणार."

"निघणार. दहा वाजता. मी साडेनऊला निघतेय, तू चल. चाळीस वर्षं त्या ट्रंकेत काय आहे ते आळीत कुणाला माहीत नाही. नऊवारी आहेत म्हणतात, कुणी म्हणतं भांडी. मला वाटतं नुसते कागद असणार." त्यांनी आवाज खाली आणला. "आणि कागद असले तर मला बघू दे म्हणावं आधी. त्या वाड्याच्या मोजणीत तेव्हा काहीतरी गोम होती."